ड्रमच्या माइकमधला आवाज

“सर, हा कोण गातोय?” इंजिनिअर बाईंनी टेप थांबवून विचारलं.

त्या नुसते ड्रमचे ट्रॅक ऐकत होत्या. गिटार बंद, गायकाचा ट्रॅकही बंद. तरीही थापांच्या मागून, बंद दाराआडून यावा तसा, एक कोवळा, उंच आवाज येत होता. बँडचा गायक तर खडी भरडावी तसा गायचा. हा तो नव्हताच.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टला पहिल्याच शब्दाला कळलं होतं. पण तो एवढंच म्हणाला, “आवाज गळलाय. पूर्वी व्हायचं असं.”

बाईंना ते नवं नव्हतं. ड्रम आणि गायक एकाच खोलीत असले की गायकाचा आवाज थोडाफार ड्रमच्या माइकमध्ये शिरायचाच. त्या म्हणाल्या, आता हे सहज पुसता येतं, तुम्ही हो म्हणा, तासाभरात साफ करते. कंपनी बँडचे पहिले तीन अल्बम नव्याने काढत होती. तिन्ही त्यानेच रेकॉर्ड केलेले, म्हणून त्याला मुद्दाम बोलावलं होतं. तो म्हणाला, जरा चहा घेऊन येतो, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. चहा त्याने घेतलाच नाही.

तो आवाज त्याच्या धाकट्या भावाचा होता.

अडतीस वर्षांपूर्वी चार पोरं एका छापखान्याच्या तळघरातल्या स्टुडिओत आली होती. स्टुडिओ दुसऱ्याचा, रेकॉर्डिस्ट म्हणून हा नोकरीला. चौघांतला गाणारा म्हणजे याचा धाकटा भाऊ, म्हणून मालकाकडे शब्द यानेच टाकला. पहिला अल्बम धड ना इकडचा ना तिकडचा झाला. दोन गाणी प्रेमाची, दोन नुसत्या आरडाओरड्याची, उरलेली कशाची ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणी फारसा ऐकलाही नाही.

दुसऱ्याच्या वेळी गिटारवाल्याने तारा दोन सूर सैल केल्या. ड्रमवाल्याने हात जड केला, चाल संथ केली. आणि एका दुपारी, चौथ्या गाण्याच्या मध्यावर, तळघराच्या भिंती आत सरकल्यासारखं वाटलं. काचेपलीकडे बसलेल्या याच्या अंगावर काटा आला. बँडला आपला आवाज सापडला होता. चौघेही एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसत होते. धाकटा सगळ्यात जास्त.

फक्त त्याचाच गळा त्यात बसत नव्हता. तो गोड होता, आणि त्या आवाजाला गोड काही नको होतं. हे याला त्याच दुपारी कळलं, गिटारवाल्यालाही कळलं. दोघांनीही तोंड उघडलं नाही. अल्बमची आठही गाणी धाकट्याच्या गळ्यातून पूर्ण झाली. मग गिटारवाला गोदीवरच्या एका हमालाला घेऊन आला. त्याचा गळा फाटका होता, पण नेमका हवा तसा. टेपवर एकही ट्रॅक मोकळा नव्हता. गिटारवाला म्हणाला, “मास्तर, जुना आवाज पुसावा लागेल.” याने मान हलवली आणि पुसला. आधी भावाला सांगायला हवं होतं. संध्याकाळी सांगू म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी धाकटा एक ओळ नीट करायची म्हणून आला, तेव्हा हमाल गात होता. धाकट्याने काचेतून गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “दादा, पुसलंस ते तूच?”

“हो.”

धाकटा म्हणाला, “बरं झालं. हा चांगला गातो.” आणि निघून गेला.

भांडण असं झालंच नाही. धाकट्याने लिफ्ट दुरुस्तीचं काम धरलं, लग्न केलं, त्याला एक मुलगी झाली. लग्नकार्यात दोघे शेजारी जेवायला बसायचे, तब्येतीचं बोलायचे, हवापाण्याचं बोलायचे. ते एक सोडून सगळं. तो अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला, याचंही नाव झालं. पण घरात त्याने तो कधी लावला नाही. दुकानात चौथं गाणं लागलं, की मधल्या थांब्याच्या आधी तो बाहेर पडायचा. तिथे गिटार, ड्रम सगळं क्षणभर गप्प होतं, आणि त्या फटीतून कुणीतरी आपल्याला हाक मारतंय असं त्याला वाटायचं. मनाचे खेळ, म्हणून त्याने ते सोडून दिलं. नऊ वर्षांपूर्वी धाकटा तापाचं निमित्त होऊन गेला.

बाकावरूनच त्याने गिटारवाल्याला फोन लावला. सगळं सांगितलं. ड्रमच्या माइकमध्ये धाकटा आहे, आठही गाण्यांत आहे, बाई विचारताहेत पुसू का.

“चौथ्या गाण्यात, मधे थांबतो तिथे?” गिटारवाल्याने विचारलं.

“तिथे जास्त.”

“मास्तर, इतकी वर्षं मला वाटायचं, ते मला एकट्यालाच ऐकू येतं. स्टेजवरसुद्धा तिथे माझा हात अडखळतो. राहू दे त्याला. कंपनीला मी सांगतो.”

तो आत आला आणि बाईंना म्हणाला, पुसू नका, माझा भाऊ आहे. बाईंनी हळूच आवाज कमी-जास्त करायची कळ होती तिथे परत आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने पुतणीला बोलावलं. ती दवाखान्यात नर्स होती, सकाळपाळी संपवून तशीच गणवेशात आली. स्टुडिओकडे जाताना वाटेत त्याने तिला सगळं सांगून टाकलं, स्वतःला कुठेही न वाचवता. बाबा बँडमध्ये होते हेच तिला ठाऊक नव्हतं. लहानपणी तिने गाण्याचा क्लास लावायचा हट्ट धरला, तेव्हा ते म्हणाले होते, आपल्या घरात कुणाला गाता येत नाही, उगीच हसं होईल.

बाईंनी चौथं गाणं लावलं. थापा पडू लागल्या आणि त्यांच्या आडून तो आवाज आला. पुतणी खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती, रुग्णाची नाडी मोजावी तशी. मधला थांबा आला. ड्रम गप्प झाले आणि एक अख्खी ओळ स्वच्छ ऐकू आली.

“सुरात गातात की,” ती म्हणाली. कुणाला नव्हे, स्वतःशीच.

गाणं संपलं. झांजेचा घुमारा विरत गेला, आणि टेपवर धाकट्याने, अजून धापा टाकत, विचारलं, “दादा, कसं झालं?”

बाईंचा हात टेप बंद करायला पुढे झाला, पण पुतणीने मानेनेच नको म्हटलं. “काका, तुम्ही काय म्हणालात तेव्हा?”

काचेमागून त्याने जे उत्तर दिलं असेल ते धाकट्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये गेलं होतं, टेपवर आलंच नव्हतं. छान झालं, असं आता सांगता आलं असतं. तिलाही ते बरं वाटलं असतं.

“मला आठवत नाही गं,” तो म्हणाला.

टेप फिरत राहिली. त्या तळघरात ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या, कुठेतरी खुर्ची सरकली. धाकट्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, हळूहळू संथ होत जाणारा. तो माइकसमोर उभा राहून उत्तराची वाट बघत होता.