टोळोबाच्या मागचा कॅमेरा

“परत उडव,” ताई म्हणाली.

धाकट्याने बटण दाबलं. पडद्यावरचा नाकतोडा गुडघे मुडपून समोरच्या पानाकडे झेपावला. पण त्याच्या पाठोपाठ जायचा तो कॅमेरा इतक्या संथपणे वळला, की पुढचं पान दिसेपर्यंत बिचारा डबक्यात पडला होता.

“झालं समाधान?” धाकट्याने कंट्रोलर टेबलावर आदळला. “आंधळं करून टाकलंस तू माझ्या टोळोबाला.”

टोळोबा हे नाव त्यानेच ठेवलं होतं. ते लांबलचक पाय, हिरवा कोट, मिशा पुसायची लकब, सगळं धाकट्याच्या हातचं. त्याला चालवायचं, उडवायचं, त्याच्या मागे कॅमेरा, म्हणजे खेळणाऱ्याची नजर, फिरवायचा, ही कामं ताईची. सपाट चित्रांचे गेम या बहीणभावांनी पुष्कळ केले होते. ज्यात आत शिरता येईल असं जग मात्र ते पहिल्यांदाच उभं करत होते, आणि ते बाजारात आणायचं की नाही हे ठरवायला उद्या सकाळी कंपनीचे साहेब येणार होते.

“डुलतंय रे सगळं,” ताई म्हणाली. “बघणाऱ्याला मळमळेल.”

“कोणाला मळमळतंय? तुला एकटीला!”

ती उठली, खिडकीपाशी गेली, खिडकी उघडली, लावली, परत येऊन बसली. कितीतरी दिवस तिचं हेच चाललं होतं. कॅमेऱ्याचा वेग कमी करायचा, बघायचं, आणखी कमी करायचा. जेवणाचा डबा तसाच घरी परत जात होता. डोक्यात राग असला की ताईला अन्न गोड लागत नाही, हे लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे धाकट्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

शेवटी तिने शेजारच्या खोलीतून त्यांच्या गेमच्या संगीतवाल्याला हाक मारली आणि गेमला अगदी पहिला, जुना कॅमेरा लावून दिला. तो गृहस्थ खेळायला बसला तो उठायचं नाव घेईना. टोळोबाबरोबर स्वतःही खुर्चीत उसळत होता.

“गरगरतंय ना?” ताईने विचारलं.

“छे! मस्त मजा येतेय. हेच ठेवा की.”

“तुम्ही भिडस्त आहात.”

तो हसत हसत आपल्या खोलीत गेला. दार लागताच ताई पडद्याकडे झुकली.

“मी हट्टी आहे असं म्हणशील तू. पण हे बघ. आत्ता, या क्षणी. पानाची कड कशी वर सरकतेय. खाली आली. परत वर.”

धाकट्याने पाहिलं. टोळोबा पानावर निमूट उभा होता. संगीतवाल्याने उठताना गेम थांबवून ठेवला होता. पडद्यावर तसूभरही काही हलत नव्हतं.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “माझ्याकडे बघ.”

तिने मान वळवली आणि चटकन टेबल घट्ट धरलं.

“आता दाराकडे. दारही हलतंय?”

तिने टेबल न सोडता दाराकडे पाहिलं.

“मला वाटलं, दिवसभर बघून बघून डोळ्यांत राहत असेल,” ती म्हणाली. “घरी गेल्यावरसुद्धा.”

“आणि हे मला आत्ता सांगतेस?”

तिने डोळे मिटून घेतले. “जुना कॅमेरा चांगला आहे का रे? खरं सांग.”

“फार चांगला आहे.”

“मग तोच राहू दे. माझं सगळं काढून टाक.”

“ते नंतर बघू. आधी डॉक्टरकडे चल.”

ती वाद न घालता उठली.

जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. दोघं कुठेही निघाली की ताई पुढे आणि हा मागे, असं शाळेत जायच्या वयापासून चालत आलं होतं. तिने पायऱ्यांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“तू पुढे हो,” ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सावकाश उतर.”

एरवी त्याला काहीतरी चेष्टा सुचली असती. तो एक पायरी उतरला आणि मागे तिचा पाय टेकल्याचा आवाज येईपर्यंत थांबून राहिला.