पोरीला कुणी नेलं

आमच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात तोंडी परीक्षेला स्वतःवर आलेला एक प्रसंग तीन मिनिटांत इंग्रजीत सांगायचा असतो. पुरुषांची गोष्ट वीस सेकंदांत संपते. अडचण आली, मी गेलो, काम झालं, थँक्यू. बायकांना तीन मिनिटंही पुरत नाहीत. वाटेत शेजारीण काय म्हणाली, नणंदेनं नाक कसं मुरडलं, सगळं यायलाच हवं. मी शिकवणारी, आणि माझा पारा चढायला वेळ लागत नाही.

वेल्डर आणि त्याची बायको एकाच बाकावर बसायचे. तो हौसेनं शिकत होता. तिची मात्र इस्पितळातली मदतनिसाची नोकरी याच तोंडी परीक्षेवर अडली होती.

परीक्षेत तो म्हणाला, "मुलीला ताप आला. मी उचलून इस्पितळात नेलं. वाचली. थँक्यू."

मग ती उठली. प्रसंग तोच. पण आधी पातेल्यातलं दूध उतू गेलं, शेजारीण एकच चप्पल घालून धावली, आणि शेवटी, "तिच्या बाबांनी तिला उचललं."

"अगं, पण तू काय केलंस?" मी करवादले. "स्वतः केलेलं सांगायचं. नाहीतर मार्क नाहीत."

तिनं मान खाली घातली. मी नापासच्या रकान्यावर पेन टेकवलं.

तेवढ्यात वेल्डर उठला आणि सरळ मराठीत बोलला. "बाई, मी नव्हतोच. हिनं एकटीनं नेलं. मी मागून आलो आणि खाली पायऱ्यांवरच बसलो. वर यायची छाती झाली नाही."

"अहो, बसा खाली! चारचौघांत कशाला?" बायको म्हणाली.

"नऊ वर्षं तू झाकतेस आणि मी मिरवतोय. पुरे आता."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दूध उतू गेलं, चप्पल आली, आणि या वेळी पोर तिच्याच खांद्यावर होती. तीन मिनिटं कधीच उलटली होती. माझीच मला लाज वाटत होती. मी पास लिहून टाकलं.

ती बोलतच होती. "खिडकीतून हे दिसत होते. दोनदा उठले, दोनदा बसले. नर्स म्हणाली, बोलावू का? म्हटलं, नको. रडून घेऊ दे त्यांना."

वेल्डर तिच्याकडे बघतच राहिला. "तुला दिसत होतो मी?"

"मग!" ती म्हणाली. "पोरीला झोप लागल्यावर तुमच्यासाठीच तर खिडकीपाशी उभी होते."