नेव्हिल-अकांना जे जे आवडलं

पाहुण्याने एखाद्या वस्तूला ‘छान आहे’ म्हटलं की ती वस्तू त्याची झाली. जुन्या ताश्कंदमधल्या आमच्या महल्ल्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कुणाकडे गेलं की आम्ही जेवणाची तारीफ करतो, मुलांची करतो, अंगणातल्या द्राक्षवेलीची करतो, पण उचलून नेता येईल अशा कशाचीही करत नाही. नेव्हिल-अकांना हे कोण सांगणार?

ते ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे; ‘अका’ आम्ही मानाने लावतो, दादा म्हणावं तसं. माझा भाऊ रावशन तिथे शिकतो आणि त्यांच्याच घरी एका खोलीत राहतो. तो आजारी पडला तेव्हा त्यांच्या बायकोने, जॅनने, त्याला स्वतःच्या हाताने सूप भरवलं होतं. त्यामुळे नेव्हिल-अका तीन आठवडे आमच्याकडे राहायला येणार हे ठरल्यावर बोबोंनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बाजेवर बसून जाहीर केलं, “या माणसाला या घरात काही मागायची वेळ येता कामा नये.” वडील कझानला बांधकामावर असतात. घरात बोबो, आई आणि मी. मी इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला, म्हणून दुभाषी मीच.

नेव्हिल-अका आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. उंच, भाजलेल्या विटेच्या रंगाचे, आणि सत्तरीला टेकूनही अर्ध्या चड्डीत फिरणारे. मनात आलं ते तोंडावर. संध्याकाळी अंगणात बसून ते दिवसभर पाहिलेलं शहर आम्हालाच सांगायचे आणि आम्ही नवीन असल्यासारखं ऐकायचो.

“तुमच्याकडे सगळे छातीवर हात ठेवून बोलतात,” ते म्हणाले, “पहिले दोन दिवस मला वाटलं, अख्ख्या शहराला हृदयविकार आहे.”

बोबो इतके हसले की त्यांच्या हातातला पियाला हिंदकळला.

टॅक्सीत ते कायम चालकाच्या शेजारी बसायचे. “मागे बसायला मी काय राजा आहे? तो गाडी चालवतो, मीही चालवायचो.” एका चालकाने त्यांना सरळ आपल्या घरी जेवायला नेलं. मेट्रोची स्थानकं पाहून आले त्या दिवशी म्हणाले, “आमच्याकडे राजवाडे नाहीत मित्रा, आणि तुमच्याकडे माणसं राजवाड्यातून कामाला जातात. आणि कंटाळलेल्या चेहऱ्याने!” जेवण झालं की स्वतःची ताटली स्वतः धुवायला उठायचे. आईला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजारच्या हुर्शिदा-खोलाने, म्हणजे हुर्शिदामावशीने, भिंतीवरून ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नळावर आईला टोमणा मारला, “काय ग इनोयत, पाहुण्याला कामाला लावलंस म्हणे?”

पहिली गेली ती चुस्त गावची नक्षीची सुरी. नेव्हिल-अकांनी खरबूज कापताना म्हटलं, “काय सुरेख सुरी आहे!” बोबोंनी ती पुसली, रुमालात गुंडाळली आणि त्यांच्या हातात ठेवली. मग निळा चहाचा किटलीवजा पॉट. मग आईचं तांब्याचं भांडं. नेव्हिल-अका प्रत्येक वेळी ‘नको नको’ म्हणायचे आणि मग घ्यायचे, कारण रावशनने त्यांना बजावलं होतं, “बोबो देतील ते नाकारू नका, त्यांच्या मनाला लागतं.” अर्धवट शहाणा आमचा रावशन. ते मुळात का देतात, ते सांगायला विसरला. परतफेड म्हणून नेव्हिल-अकांनी काळ्या, खारट, डांबरासारख्या लेपाची एक बरणी दिली. तो पावाला जेमतेम लावून खायचा असतो. बोबोंनी मान राखायला चमचाभर तोंडात घातला, डोळ्यांतून पाणी आलं तरी गिळला, आणि छातीवर हात ठेवला.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग त्यांची नजर सुझानीवर गेली.

पाहुण्यांच्या खोलीत समोरच्या भिंतीवर ती लावलेली होती. भिंतभर कापड, त्यावर रेशमाची डाळिंबं, वेली, लाल चक्रं. आईने ती माझ्यासाठी भरली होती. मी शाळेत जायला लागले तेव्हा तिने पहिला टाका घातला आणि मी कॉलेजात गेले तेव्हा शेवटचा. मधल्या सगळ्या हिवाळ्यांत, घरचं आवरून झालं की ती मांडीवर कापड घेऊन बसायची. माझं लग्न ठरलं होतं. रविवारी मुलाकडच्या बायका रुखवत बघायला यायच्या होत्या, आणि आमच्यात रुखवत म्हणजे सुझानी. बाकी रजया, ताटल्या, कपडे सगळे बाजारात मिळतात. त्या बायका कापड उलटं करून टाके बघतात आणि त्यावरून घर ओळखतात.

नेव्हिल-अका तिच्यासमोर किती तरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “मालिका, या सगळ्या शहरात मी इतकं सुंदर काही पाहिलं नाही.”

“काय म्हणतोय?” बोबोंनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. माणूस ओळखतात तो आवाजावरून.

मी म्हणाले, “खोली हवेशीर आहे म्हणतात.”

पण नेव्हिल-अकांनी सुझानीवर हात ठेवला होता आणि तोंडाने असा आवाज काढला होता की त्याला भाषांतर लागत नाही. बोबो भिंत चाचपत गेले. खुंटीवरून त्यांनी ती स्वतः उतरवली, घडी केली, आणि पाहुण्याच्या दोन्ही हातांवर ठेवली. आई दारात सोमश्यांचं, आमच्याकडच्या समोशांचं, ताट घेऊन उभी होती. ती ताट ठेवून स्वयंपाकघरात गेली. सासऱ्यासमोर तिने आजवर आवाज चढवला नव्हता, आणि तेव्हाही चढवला नाही.

मी मागोमाग गेले. “ओयी,” मी आईला म्हणाले, “मी त्यांना हळूच सांगते. आपल्याकडे वस्तूंची तारीफ करायची नसते म्हणून.”

“खबरदार!” आई म्हणाली. “म्हणजे आम्हाला देणं जड जातं असं सांगायचं? पाहुण्याच्या तोंडाला कुलूप लावायचं? तुझ्या भावाला त्या माणसांनी घास भरवलाय, मालिका.”

पाहुण्याला सांगायचं नाही, सासऱ्याला विचारायचं नाही. मग उरलं काय? लपवणं. दुसऱ्या दिवशी नेव्हिल-अका बाजारात गेले तशी आईने भिंतीवरचा गालिचा गुंडाळला आणि हुर्शिदा-खोलाकडे टाकला. मग कोनाड्यातल्या रंगीत ताटल्या. मग उश्या, आरसा, माझ्या आजीचा दिवा. बोबोंना भिंत होती काय नि नव्हती काय, सारखंच धुकं. महल्ल्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. नेव्हिल-अकांनी गल्लीत हुर्शिदा-खोलाच्या कोंबड्याकडे बघून नुसती शीळ घातली, तर तिने कोंबडा काखोटीला मारला आणि दार लावून घेतलं.

मी तेव्हा हसले होते. आता ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

एकेक वस्तू घराबाहेर जात होती तसतसं आईचं मन तिला खात होतं, आणि ते ती पातेल्यात भरून काढत होती. रोज मांस. पलोवच्या भातात गाजरापेक्षा मांस जास्त. सकाळी मलई, मध, जर्दाळू. नेव्हिल-अका मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. शहराच्या गोष्टी थांबल्या. ताटात टाकायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, “माझा तुम्हाला भार होतोय का ग? खरं सांग.” मी हसून म्हणाले, “काहीतरीच काय अका!” दुसरं काय म्हणणार? मारून टाकलं तरी आमच्यात कुणी दुसरं म्हणणार नाही.

शुक्रवारी सकाळी आईने मला कोपऱ्यात घेतलं. तिचे डोळे सुजले होते.

“जा, माग त्यांच्याकडे. एका दिवसापुरती माग. रविवार झाला की परत देऊ म्हणावं.”

“दिलेलं परत मागायचं? ओयी, तू मला हे करायला सांगतेस?”

“तुझ्या सासूला काय दाखवू? उघडी भिंत?” ती म्हणाली. “सगळं आयुष्य मी या घरात दिलं. एवढी एकच वस्तू माझी होती.”

मी गेले. त्यांचं दार अर्धवट उघडं होतं आणि ते फोनवर जॅनशी बोलत होते. मला मागे फिरायला हवं होतं, पण आपलं नाव ऐकलं की पाय हलत नाहीत.

“मालिकाला विचारलं, ती हसली फक्त,” ते म्हणत होते. “जॅन, मी आलो तेव्हा ही खोली भरलेली होती. आता भिंती उघड्या आहेत. गालिचा गेला, ताटल्या गेल्या, आरसासुद्धा गेला. आणि माझ्या ताटात रोज मांसाचा डोंगर. ते सगळं विकताहेत, जॅन. मला खायला घालायला विकताहेत. मुलीचं लग्न तोंडावर, आणि मी बसलोय जर्दाळू खात. भिंतीवर सगळ्यात सुंदर जे होतं ते म्हाताऱ्याने मला देऊन टाकलं, आणि मी गाढव, घेतलं! अशा माणसांत मी राहिलो आणि मला कळलं नाही. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.”

त्यांचा आवाज फुटला. दाराबाहेर मी भिंतीला टेकले. त्यांना लाज वाटत होती, आमच्या मोठेपणापुढे! आणि आमचा मोठेपणा शेजारणीच्या घरात गुंडाळून ठेवलेला होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं.

मी न मागताच परतले. आईला काही सांगायच्या आत नेव्हिल-अका बॅग घेऊन अंगणात आले. बाजेवर बोबो बसले होते. त्यांच्यापुढे नेव्हिल-अकांनी एकेक वस्तू मांडली. सुरी, चहाचा पॉट, तांब्याचं भांडं. शेवटी सुझानी.

“मालिका, त्यांना सांग, मी आज हॉटेलात जातो. हे सगळं तुमचं आहे. माझ्यासाठी जे विकलंत ते मला परत आणता येणार नाही, निदान हे तरी ठेवा.”

“काय म्हणतोय?” बोबो.

मी पॉटचं झाकण सरळ केलं.

“पोरी, काय म्हणतोय?”

“ते म्हणतात, आपण त्यांच्यासाठी घरातल्या वस्तू विकल्या.”

बोबो हसले. “विकल्या? कुठल्या?” ते उठले आणि पाहुण्यांच्या खोलीत गेले. त्यांचा तळवा भिंतीवर थपथप फिरत असलेला आम्हाला अंगणात ऐकू येत होता. एक भिंत, मग दुसरी. कोनाडा. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

“सूनबाई,” ते म्हणाले, “भिंती उघड्या आहेत.”

आई पुढे आली. “मी लपवल्या, बोबो. हुर्शिदाकडे आहेत. मेहमानांनी अजून काही छान म्हणू नये म्हणून.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सांग त्यांना. सगळं सांग.”

मी सांगितलं. जमिनीकडे बघत सांगितलं. छान म्हटलं की द्यावं लागतं, म्हणून लपवलं. सुझानी माझ्या लग्नाची, आईने भरलेली, रविवारी बायका येणार आहेत. इंग्रजीत ते फार लहान वाक्यांत संपलं.

नेव्हिल-अका खो खो हसायला लागले. “म्हणजे तुम्ही कंगाल झाला नाहीत? देवा! अग, मला ‘तोंड बंद ठेव म्हाताऱ्या’ म्हणायचं की! तेवढंच तर सांगायचं होतं!” हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, हे कुणालाही दिसलं असतं. त्यांनी सुझानी उचलली आणि आईच्या हातांत दिली. आईने ती घेतली. घेतली, पण वर बघितलं नाही.

आमच्यापैकी कुणीच हसलं नाही. मी बोबोंकडे बघितलं. मला वाटलं, आता ते आईला बोलतील. पाहुण्यापासून वस्तू लपवणारं घर आमच्या महल्ल्यात दुसरं नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं.

ते काठी न घेता आईपर्यंत चालत आले. हात पुढे करून त्यांनी सुझानी चाचपली, तिच्यावरचे टाके बोटांनी बघितले, त्यांच्या घरात इतकी वर्षं भरले गेलेले टाके, बहुधा पहिल्यांदाच.

“चूक तुझी नाही, सूनबाई,” ते म्हणाले. “आयुष्यभर मी दानशूर म्हणून मिरवलो. आणि दिलं ते तुझं. तुला एकदा विचारलंही नाही. मला माफ कर.”

सासऱ्याने सुनेपुढे मान वाकवलेली मी कधी पाहिली नव्हती, आईनेही नसणार. तिने सुझानीत तोंड खुपसलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

बोबो माझ्याकडे वळले. “हे त्याला सांगू नकोस, पोरी.”

“काय म्हणाले ग?” नेव्हिल-अकांनी विचारलं. त्यांच्या तोंडावर अजून हसू होतं.

“चहा घेणार का, विचारतायत,” मी म्हणाले.

“घेईन की!” ते म्हणाले, आणि बॅग खाली ठेवून बाजेवर ऐसपैस बसले.