फेट्याची चुंबळ

सकाळी आठ वाजता बंधाऱ्यावर एकशे अठरा पुरुष आणि एकशे एकतीस बायका होत्या. टिकाव एकशे पाच, फावडी साठ, पाट्या एकशे चाळीस. टिकाव आणि फावडी पुरुषांच्या हातात, पाट्या बायकांच्या डोक्यावर. ही वाटणी कुठल्याही सरकारी कागदात नव्हती. बी.एस्सी. होऊन मी वर्षभर नगरला घरीच बसलो होतो. बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीच्या पुढे पाझर तलावाचं काम निघालं, आणि हजेरी घ्यायला, खड्डे मोजायला मला तात्पुरतं नेमलं. इतकी कडक वाटणी आहे तर तिला अपवाद असेल का, हे मी रोज पाहत असे.

त्या दिवशी नऊच्या सुमारास तो दिसला. छगन मातीची पाटी डोक्यावर घेऊन चढ चढत होता. फेटा सोडून त्याने त्याचीच चुंबळ वळली होती आणि तिच्यावर पाटी ठेवली होती. खाली खड्ड्यात त्याची बायको मनकर्णा टिकाव मारत होती.

"वयनी, पदर सांबाळा!" कुणीतरी ओरडलं.

"पदर न्हाई, धोतर हाय. सांबाळतो," छगन म्हणाला आणि पुढे गेला.

हसणं थांबलं ते आबासाहेबांमुळे. ते त्या टोळीचे मुकादम, आणि गावच्या तालमीचे वस्तादही. छगन त्यांच्याच हाताखाली तयार झालेला पैलवान. त्यांनी टिकाव खाली ठेवला आणि बाभळीखाली जाऊन बसले. त्यांच्यामागे टोळीतले सगळे पुरुष गेले.

मी गेलो तेव्हा आबासाहेब शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, त्याला पाटी सोडाय सांगा. तोवर आमी टिकाव धरत न्हाई."

"खणलं कुणी आणि वाहिलं कुणी, याने मापात काय फरक पडतो?"

"तुमचं माप मातीचं. फेटा पायाखाली आला तर झटकून बांधता येतो. पाटीखाली घातल्यावर काय बांधायचं?"

"आन आज ह्यानं पाटी घेतली," गोरक्ष नावाचा तरणा गडी म्हणाला, "तर उद्या आमच्या घरच्या म्हनतील, तुमीबी घ्या की."

"हे खरं बोलला," मागून कुणीतरी म्हणालं. आबासाहेब हसले नाहीत.

मी छगनला गाठलं. एका जोडीला रोज दहा फूट लांब, सहा फूट रुंद, एक फूट खोल खड्डा करावा लागे. छगन-मनकर्णाचा खड्डा दोनदा उथळ भरला होता. तिसऱ्यांदा भरला तर ओव्हरसियर जोडीचं नाव कापणार होता. कामावर मिळणारी सुकडी हेच त्यांच्या पोरांचं जेवण होतं. आता तर टोळीही बसली होती.

"तू टिकाव घे, ही पाटी घेईल," मी म्हणालो. "सगळं मिटेल."

मनकर्णाने छगनकडे पाहिलं. पाण्याचा तांब्या त्याने डाव्या हाताने उचलला, आणि माझ्या लक्षात आलं की सकाळपासून तो सगळं डाव्याच हाताने करत होता.

"उजवा हात वर कर."

हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"पोळ्याच्या कुस्तीत निखळला," तो हळूच म्हणाला. "बसवला, पन वर जात न्हाई. कुनाला बोलू नका. अधू गड्याचं नाव पयलं कापत्यात. बायल्या म्हनलेलं पोटाला चालतं."

तेवढ्यात आबासाहेब स्वतः आले, हातात टिकाव. मागे टोळी.

"छगन, एक घाव मार. समद्यांसमोर. मग खुशाल पाटी वाहा."

छगनने टिकाव घेतला नाही. मनकर्णाच बोलली. "कशाला छळता त्यांला? खांदा गेलाय त्यांचा. तुमच्याच आखाड्यात."

आबासाहेबांनी टिकाव खाली ठेवला. अंगठ्याने छगनचा खांदा मागून-पुढून चाचपला. त्यांचा आवाज बदलला.

"मग आदी सांगायचं की, गड्या! अधू मानसाला कोन हसंल? भाऊसाहेब, ह्याला सूट. पाटी वाहू द्या." मागे वळून ते म्हणाले, "चला रे."

माणसं कामाकडे वळू लागली. मला हायसं वाटलं.

"सूट नगं, वस्ताद," छगन म्हणाला.

"आं?"

"खांद्यापायी पाटी घेतली, खरं हाय. पन सकाळधरनं बघतोय, हिचा घाव माझ्यापरास सरळ पडतो. तिला चढाला दम लागतो, मला लागत न्हाई. उद्या खांदा बरा झाला तरी मी पाटीच घेनार."

"म्हंजे हौसेनं?"

"हौसेनं म्हना."

"मग तू माझा पठ्ठ्या न्हाईस," आबासाहेब म्हणाले आणि बाभळीखाली परत जाऊन बसले.

या वेळी त्यांच्यामागे निम्मेच गेले. गोरक्ष घुटमळला, मग बायको वाट पाहत उभी होती तिकडे गेला. आबासाहेबांची बायको गोजरबाई जमिनीवर पडलेला त्यांचा टिकाव घेऊन खड्ड्यात उतरली. "तुमी राखा मर्दानगी," ती तिथूनच म्हणाली, "मी तवर खनते." तिच्या टिकावाचे आवाज आमच्यापर्यंत येत होते. आबासाहेब तोंड फिरवून बसले होते.

संध्याकाळी मी टेप काढली. टेपचं दुसरं टोक मुकादम धरतो. त्याने धरलं नाही तर माप मान्य होत नाही. छगनच्या खड्ड्यापाशी मी थांबलो आणि बाभळीकडे पाहिलं. मनकर्णा पदराने हात पुसत उभी होती. तळव्यांना फोड आले होते.

आबासाहेब बराच वेळ उठले नाहीत. मग आले. कुणाकडे न बघता टेपचं टोक धरलं. लांबी दहा फूट, रुंदी सहा फूट भरली. खोलीची काठी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि प्रत्येक ठिकाणी खोली कमी दाखवणारी सुटी माती बोटांनी बाजूला सारून ती घट्ट जमिनीवर टेकवली. मी आकडे वाचले. चार कोपऱ्यांत अकरा, बारा, बारा, अकरा. मध्यभागी चौदा. सरासरी बारा इंच, पुरा एक फूट.