पोटुशीपासून लांब

तोंडातून निघालेली गोष्ट सटवाईच्या कानावर पडतेच, हे अंबाबाईनं पुरतं ओळखलं होतं. सुनेची, दैवशालाची, दोन्ही गरोदरपणं अर्ध्यातच मोडली, आणि दोन्ही वेळा हरखून गावभर सांगत सुटली होती ती अंबाबाई स्वतःच! म्हणून यंदा सुनेला दिवस गेले तेव्हा पाचवा महिना सरेपर्यंत ब्र काढायचा नाही, असं सासू-सुनेचं ठरलं. पोरालाही, रविकांतलाही, पत्ता नाही.

त्यात दैवशालाच्या गळ्याची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आता उरलीसुरली मुळं जाळायला शहरातल्या दवाखान्यात किरणांची एक गोळी घ्यायची होती. नर्सनं विचारलं, "दिवस गेलेत का?"

"कुठलं बाई आमचं नशीब!" अंबाबाई फटकन म्हणाली.

नर्सनं तरी लघवीची बाटली हातात ठेवली. तपासणीत कळलं तर ही नर्स भर दालनात पेढे मागायची, म्हणजे झालंच! अंबाबाईनं सुनेला बाहेर उभं केलं आणि बाटली स्वतःच भरून दिली.

गोळी आली ती शिशाच्या जाड डबीतून. डॉक्टरांनी बोट लावलं नाही. लांब चिमट्यानं दिली आणि मागं सरकले. अंबाबाई दारातून बघत होती. देणारालाच ज्याचं भ्या, ते कसलं औषध? मग दवाखान्यातल्या एका माणसानं किरण मोजायचं यंत्र आणलं. दैवशालाच्या पोटापाशी नेताच ते करकरायला लागलं.

"गोळी पोटात आहे ना," तो हसला.

सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं, "लहान लेकरं आणि पोटुशी बाया, यांच्यापासून काही दिवस लांब. पोटातल्या बाळाचा गळासुद्धा जळतो यानं."



गावी, राणीसावरगावला, आल्या आल्या अंबाबाईनं पोटुशी लेक शालू सासरी धाडली. गाभण मेंढ्या दुसरीकडं हाकलल्या. दैवशालाला शेतातल्या खोपीत ठेवलं आणि ताट लांबूनच सरकवायला लागली. एवढं सगळं केलं, पण बोलली नाही.

एका दुपारी दैवशालानं ताटाकडं बघितलंच नाही. दोन्ही हात पोटावर.

"आत्याबाई, आज आतून हललं," ती हळूच म्हणाली. "पोटुशीपासून लांब ऱ्हा म्हणले डाक्टर. मी कुठं जाऊ?"

 अंबाबाई तशीच अनवाणी वस्तीकडं पळत सुटली. सटवाई ऐको, नाहीतर गाव ऐको!

"रविकांता, गाडी बघ रं! दैवशाला पोटुशी हाय! दवाखान्यात ती बाटली मी भरली व्हती!"