तारेचं गाऱ्हाणं

बांगड्याचे काटे काढून पाहुण्यांना वाढणारी माणसं भिकाजीने जन्मात पहिल्यांदा पाहिली, आणि तीही आपल्याच वाडीत. सरपंच जितेंद्रच्या पडवीत त्याची बायको शर्मिला आणि बचतगटातल्या बाया सकाळपासून बांगड्यांवर ओणवल्या होत्या. गोऱ्या साहेबाच्या घशात काटा अडकला तर दोन देशांचे संबंध बिघडतील, असं म्हणे वरून कळवलं होतं. भिकाजी कुंपणापाशी थांबला, बघितलं आणि रस्त्यावर थुंकला.

"काट्याबिगर बांगडो? मगे बटाटोच वाढा मां त्येंका!"

बाया हसल्या, पण हात काही थांबले नाहीत. पुढे शाळेच्या पटांगणात पोरांना त्या परक्या देशाचं गाणं शिकवणं चाललं होतं. आपल्या देवाची आरती ज्यांना अर्धी येत नाही ती पोरं ते गाणं कडव्यांसकट म्हणत होती. मास्तर हाताने ताल धरत होता आणि मधूनमधून फाटकाकडे बघत होता, जणू साहेब आत्ताच येऊन त्याला बढती देणार. लाचार, भिकाजी मनात म्हणाला. वाडीतल्या बहुतेकांसाठी त्याच्याकडे हा एकच शब्द होता आणि तो त्याला कधी अपुरा पडला नव्हता.

प्रकरण होतं तारेचं. जगाच्या दोन टोकांना दोन बलाढ्य देश आहेत आणि जगाने कोणाच्या तारेतून बोलायचं यावरून त्यांचं हाडवैर आहे. फोन, पैसा, सिनेमे, सैन्याची गुपितं, सगळं म्हणे समुद्राच्या तळाशी पसरलेल्या तारांतून धावतं. एकाची तार एका किनाऱ्याला लागली की दुसरा शेजारच्या किनाऱ्याला लोणी लावायला धावतो. आपल्या दिल्लीने यातल्या एकाशी हातमिळवणी केली, आणि त्या देशाच्या तारेने जमिनीवर यायला नेमकी सुरूवाडीची वाळू निवडली. भांडण त्यांचं, वाळू आमची. तार एकदा आली की तिच्या दोन्ही अंगांना लांबवर नांगर टाकायचा नाही, तळाला लागणारं जाळं ओढायचं नाही, असा नियम होता. सुरूवाडीची रापण नेमकी तिथेच ओढली जात असे. समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन बाजूंनी सगळ्या वाडीने ते ओढायचं, मग ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा, ही रापण. विधवेला वाटा, म्हाताऱ्याला वाटा, हिंदूला वाटा, ख्रिस्तावालाही वाटा. ती गेली तर वाडीत उरणार काय? पर्यटकांचे टॉवेल धुणं.

भिकाजी या रापणसंघाचा म्होरक्या. आणि त्याहून मोठा मान म्हणजे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. देवापुढे नारळ ठेवून गावाच्या वतीने देवाशी बोलायचं ते गाऱ्हाणं. एकाने म्हणायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. भिकाजी उभा राहिला की त्याचा आवाज सुरूच्या बनापलीकडे जायचा. शिवाय त्याची जीभ अशी की देवाच्या समोरसुद्धा तो तलाठ्याला नाहीतर वायरमनला गाऱ्हाण्यात गोवून चिमटा काढायचा. लोक हसू दाबत 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. वाडीत लग्न असो, पूजा असो, भिकाजीच्या गाऱ्हाण्यासाठी माणसं थांबून राहायची, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तारेला वाडीतल्या निम्म्यांचा विरोध होता, निम्म्यांना नुसती सवय होती, होईल ते होऊ दे म्हणायची. अशात जितेंद्र एका संध्याकाळी भिकाजीच्या खळ्यात आला. डोळ्यांवर नवा गॉगल, सूर्य बुडाला तरी.

"भिकाजीकाका, तारेवाले साहेब येतले त्या दिवशी एक गाऱ्हाणां घालूचा लागतला. त्येंचो आग्रह आसा. आमची परंपरा त्येंका बघूची आसा."

"आणि गाऱ्हाण्यात काय मागू? तुझ्या गॉगलाक दांडी?"

जितेंद्र हसला. हसण्याशिवाय त्याला येत काय होतं? भिकाजीने विचार करतो म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या बाप्तिस्तला ही गोष्ट मजेत सांगितली. बाप्तिस्त त्याचा लहानपणापासूनचा दोस्त आणि रापणीतला जोडीदार, भिकाजी दोराच्या एका टोकाला तर तो दुसऱ्या. त्याला मजा वाटली नाही.

"जाव नुको," बाप्तिस्त म्हणाला. "माझ्या जावयान सांगल्यान माका. त्येंच्या देशात कायदो आसा, परक्या मुलखात काय करूचा असात तर थंयच्या लोकांची संमती घेवची. ती पण लोकांच्या रीतीभातीप्रमाणे. त्येंका आमचो अंगठो नको, भिकाजी. त्येंका तुझां गाऱ्हाणां व्हया."

"मगे घालतंय मां गाऱ्हाणां," भिकाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत चमक आली होती. "असां घालतंय की साहेबाच्या सात पिढ्यांका उचकी लागात. त्येका काय कळता मालवणी?"

"त्यापरीस ग्रामसभेत उभो ऱ्हव आणि सरळ ना म्हण. कॅमेऱ्यासमोर. साध्या मराठीत."

"ना काय कोणीय म्हणता रे. माका त्येंची फजिती बघूची आसा."

बाप्तिस्तने मान हलवली आणि सुईत दोरा ओवला. भिकाजीला वाटलं, हा म्हातारा झाला. रात्री जेवताना त्याने बायकोला, सुगंधाला, गाऱ्हाण्यातली एकदोन वाक्यं ऐकवली. तीही पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "अवो, पण ना म्हणूक काय जाता तुमचा?" त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दिवस उजाडला. पूर्वी या किनाऱ्याला फिरंगी आले ते तोफा घेऊन. हे आले ते टोप्या, छत्र्या आणि स्वतःच्या देशातून आणलेलं पिण्याचं पाणी घेऊन. नारळीपोफळीच्या वाडीत, विहिरींच्या गावात, साहेब बाटलीतून घोट घेई आणि बूच घट्ट लावी. साहेब उंच होता, सतत हसरा होता, आणि प्रत्येकाला हात जोडून नमस्कार करत होता, अगदी मांडवाच्या खांबालासुद्धा. त्याच्यासोबत कॅमेरेवाले, दिल्लीचे दोन अधिकारी आणि दुभाषा म्हणून प्रीतम. प्रीतम वाडीतलाच, गोव्यात हॉटेलात राहून इंग्रजी शिकलेला. त्याला या तारेच्या कंपनीत नोकरी लागली होती आणि तो साहेबाच्या खांद्याला चिकटल्यासारखा उभा होता. मांडवात दोन झेंडे. त्यांचा कोरा करकरीत, आपला शाळेच्या पेटीतून काढलेला, घड्या पडलेला. भिकाजीने हे बरोबर हेरलं.

पोरांनी गाणं म्हटलं. साहेबाने काटे काढलेला बांगडा चमच्याने खाल्ला आणि 'अप्रतिम' म्हणाला, हा एक मराठी शब्द तो पाठ करून आला होता. त्या एका शब्दावर सगळी वाडी विरघळली. मग भिकाजीला बोलावलं. तो स्वच्छ धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून आला. नारळ ठेवला. साहेबाकडे बघितलं, मग प्रीतमकडे बघितलं, आणि प्रीतमला त्याने हळूच डोळा मारला. बघू या आता, हा पोरगा कसा घामाघूम होतो ते.

"बा देवा म्हाराजा, रवळनाथा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो परक्या मुलखातलो पाव्हणो हाटेल सोडून तुझ्या पायापाशी इलेलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येची जी काय तार आसा, ती समुद्राच्या तळाक कुसान जांवदे रे म्हाराजा!"

तार कुजून जाऊ दे? मांडवात क्षणभर चुळबुळ झाली. मग मागच्या बायांतून हसू फुटलं आणि 'व्हय म्हाराजा' नेहमीपेक्षा दुप्पट जोरात आलं. प्रीतमचं तोंड उतरलं. तो साहेबाच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटला. साहेबाने छातीवर हात ठेवून मान लववली. झालं, वाडीला पर्वणीच मिळाली.

"ह्येची बोट ज्या वाटेन इली त्याच वाटेन उलटी जांवदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेंच्या म्होरे शेपूट हालवणाऱ्या आमच्या कुत्र्यांका जल्मभर काटे काढलेलोच बांगडो मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जितेंद्रसुद्धा हसत होता, कारण सगळे हसत होते. म्हातारे पोट धरून हसत होते. भिकाजीने नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा स्वतःच्या हाताने साहेबाच्या ओंजळीत ठेवला. साहेबाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्याने भिकाजीचा हात दोन्ही हातांत धरला आणि कॅमेरेवाले जवळ सरकले. भिकाजी तोंडभर हसला. इतकी मोठी फजिती त्याने आयुष्यात कोणाची केली नव्हती. त्यानंतर कितीतरी दिवस वाडीत त्याच गोष्टी. बाजारात, देवळात, बांधावर, जो तो भिकाजीची वाक्यं म्हणून दाखवत होता. ग्रामसभेत कोणी काही बोललं नाही. बोलायचं काय आता, भिकाजीने सगळं सांगून टाकलं नव्हतं का?

मग किनाऱ्यावर तारेची वाट आखणारे लाल फडक्यांचे खुंट रोवले गेले.

रापणसंघाने हरकत घेतली आणि देवगडला सुनावणी लागली. भिकाजी आणि बाप्तिस्त एसटीने गेले. अधिकारी तरुण होता, विदर्भाकडचा, मालवणी न कळणारा, पण बोलायला सज्जन. त्याने हरकत ऐकून घेतली आणि म्हणाला, "पण काका, संमती तर तुम्हीच दिलीय." भिंतीवर चित्रफीत सुरू झाली.

आधी समुद्र दिसला, मग मांडव, मग भिकाजी. काय उभा होता! काय आवाज लागला होता! बाप्तिस्तनेही क्षणभर कौतुकाने बघितलं. खाली अक्षरं सरकत होती, वर इंग्रजी आणि त्याखाली शुद्ध मराठी: 'हे देवा, या पाहुण्यांची तार समुद्राच्या तळाशी सुखरूप नांदू दे.' आणि मांडवभर हसरी माणसं: 'होय, महाराजा.' पुढे खोबरं, हातात हात, साहेबाचे पाणावलेले डोळे.

"खोटा आसा ह्या!" भिकाजी ताडकन उठला. मग कचेरी आहे हे आठवून शुद्ध बोलायला लागला. "साहेब, तो शाप होता. मी शाप दिला त्यांना."

अधिकाऱ्याने चित्रफीत मागे नेली आणि थांबवली. भिंतीवर पोट धरून हसणारे म्हातारे गोठले.

"शाप देताना माणसं अशी हसतात का, काका? आणि शाप दिल्यावर प्रसाद देतात का?"

भिकाजी खाली बसला.

"बरं, त्यांना समजेल असं, मराठीत, हिंदीत, कुठल्याही भाषेत, त्या दिवशी तुम्ही एकदा तरी 'नाही' म्हणालात? किंवा नंतर, ग्रामसभेत?"

बाप्तिस्त जमिनीकडे बघत होता. मी तुला सांगितलं होतं, असं तो तेव्हाही म्हणाला नाही आणि नंतरही कधी म्हणाला नाही. भिकाजीला त्याच्या या चांगुलपणाचाच सगळ्यात जास्त राग आला.

बाहेर जिन्यापाशी कंपनीतर्फे आलेला प्रीतम उभा होता. भिकाजीने त्याची कॉलर धरली.

"मेल्या, शापाचो आशीर्वाद केलंस? ज्या मातयेत जल्माक इलंस ती इकलंस?"

प्रीतमने कॉलर सोडवून घेतली नाही. तो घाबरलाही नाही.

"काका, तुमीच माका डोळो मारलास," तो म्हणाला. "माका वाटला, गोड करून सांग म्हणतास. खरां सांगूचा होता तर तुमी त्येंच्या तोंडावर सांगला असतास. मी नोकरमाणूस, पण तुमका कोणी धरलेला?"

भिकाजीचा हात आपोआप खाली आला. जन्मभर त्याने ज्यांना लाचार म्हटलं त्यातला एकही त्याला त्या क्षणी आठवला नाही. स्वतःचा मारलेला डोळा तेवढा आठवला. साहेबासमोर उभं राहून, ताठ मानेने, एक साधा नकार त्याच्याही तोंडातून निघाला नव्हता. पाठीमागे खिदळण्यात त्याने मर्दुमकी मानली, आणि तसं तर जितेंद्रही पाठीमागे साहेबाला नावं ठेवतच असेल.

तार आली त्या दिवशी मोठा सोहळा झाला. साहेबाला तेच गाऱ्हाणं हवं होतं, शब्द न शब्द तेच. जितेंद्र दोनदा बोलवायला आला. भिकाजी गेला नाही; बाप्तिस्तबरोबर सुरूच्या बनात, गुंडाळून ठेवलेल्या रापणीच्या जाळ्यावर बसून राहिला. पण त्यांचं काही अडलं नाही. चित्रफितीतला आवाज त्यांनी कर्ण्यावर लावला.

"ह्येची जी काय तार आसा, ती समुद्राच्या तळाक कुसान जांवदे रे म्हाराजा!" भिकाजीचा आवाज सगळ्या किनाऱ्यावर घुमला. तिकडे बोटीवरून काळी जाड तार पाण्यातून वाळूवर ओढून घेत होते, दोन बाजूंनी, रापण ओढतात तशी.

"व्हय म्हाराजा!" वाळूवर जमलेली वाडी सवयीने म्हणाली. शेजारी बाप्तिस्तही म्हणाला, आणि भिकाजीच्याही तोंडातून ते निघून गेलं. या वेळी मात्र कोणी हसलं नाही.