पिळलेला कोपरा

आमच्या बुडापेस्टात म्हातारे डॉक्टरकडे रक्तदाब मोजायला जातात. वेंडेलकाका स्वतःला रंग जुळवायच्या क्यूबवर मोजायचे. सकाळची कॉफी गार व्हायच्या आत सहाही बाजू जुळल्या की म्हणायचे, "चला, डोकं अजून भाड्याने द्यायचं नाही."

मग एकदा त्यांच्या हातून गॅस चालू राहिला. पोरगा सिलार्द त्यावर टपूनच होता.

"बाबा, वृद्धाश्रम बघून आलोय मी. बाग आहे."

"बाग कबरस्तानातही असते," काका म्हणाले. "ज्या दिवशी क्यूब जुळणार नाही, त्या दिवशी जाईन. तोवर हा फ्लॅट माझा."

ठरलं. क्यूब सिलार्दने विस्कटायचा आणि कपाटात कुलुपात ठेवायचा. रविवारी जेवणाआधी काकांनी जुळवायचा. साक्षीदार मी, कारण फसवाफसवी ओळखणारा माझ्याइतका हरामखोर आमच्या गल्लीत दुसरा नाही. बिअरच्या गुत्त्यात लोकांच्या क्यूबचा एकच कोपरा मी गुपचूप जागच्या जागी पिळून ठेवतो. मग बसा जन्मभर फिरवत. गणितच असं आहे की तो जुळतच नाही. घाम फुटलेले चेहरे बघण्यात जी मजा आहे, ती बायकोसुद्धा देत नाही.

रविवारी टेबलावर कोंबडीचं सूप वाफाळत होतं. काकांनी क्यूब हातात घेतला. बोटं अशी धावली की मी चमचा खाली ठेवला. पांढरी बाजू झाली, मग खालचे थर, मग सगळंच झालं. एक कोपरा सोडून. तीन रंग, तिन्ही चुकीच्या तोंडाला.

काका थांबले. क्यूब वळवून एकदा पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"नाही जमत," म्हणाले.

सिलार्दने उसासा टाकला. उसासा छान बसवलेला होता.

मी काकांना बाहेर गॅलरीत ओढलं. "अहो, कोपरा पिळलाय. तुम्हाला दिसला नाही?"

"पहिल्या नजरेत दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी कठडा धरला. "ओदोन, तू केलंस ना हे? तुझाच उद्योग ना?"

असं विचारलं, जसं उपाशी माणूस भाकरी मागतो. आयुष्यभर केलेल्या खोड्या मी नाकारत आलोय. ही मी केलीच नव्हती.

"हो काका. मीच."

माझ्याकडे बघत राहिले. मग हसले, फार वाईट हसले. "गाढवा, कुलपाची किल्ली सिलार्दच्या खिशात होती. खोटं बोलायला तरी नीट शिकायचंस."

"आत चला. मी सांगतो सगळ्यांना. डाव रद्द."

"आणि मग? पुढच्या रविवारी तो दुसरं काही पिळेल. क्यूब त्याला मीच शिकवला रे. असा मांडीवर बसवून. कोपऱ्याला हात लावला की कुणीही हरतं, हेही मीच दाखवलं. तेव्हा दोघं पोट धरून हसलो होतो."



काका आत गेले. "सिलार्द, माझी बॅग काढ. हिवाळ्याचा कोट वर ठेव."

"घाई काय आहे बाबा," सिलार्द म्हणाला, "आधी सूप तरी प्या."

बॅग आधीच माळ्यावरून खाली आलेली होती. पलंगापाशी उभी, ओल्या फडक्याने पुसलेली.